संयुक्त लेखनाचा ताळेबंद

चित्रपट हे अनेकांच्या श्रमांचे संयुक्त फळ असते; परंतु त्याचे श्रेय बहुधा एकाच नावाच्या खात्यावर जमा होते आणि ते नाव दिग्दर्शकाचे असते. त्यातही पटकथा लिहिणारी व्यक्ती दिग्दर्शकाची पत्नी असली, तर तिचे स्वतंत्र खाते उघडण्याची तसदी कोणी घेत नाही. ‘मेट्रोपोलिस’ या गाजलेल्या जर्मन मूकपटाच्या लेखिका थेआ फॉन हार्बू यांचे चरित्र या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

२७ डिसेंबर १८८८ रोजी बव्हेरियातील टाउपर्लिट्स येथे, नाव मोठे पण मिळकत बेताची अशा सरदार घराण्यात हार्बूबाईंचा जन्म झाला. ऐन तारुण्यात त्या रंगभूमीवर आल्या आणि पुढे कादंबरीलेखनाकडे वळल्या. ‘भारतीय थडगे’ या अर्थाचे नाव असलेली त्यांची कादंबरी १९१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील भारत हा युरोपीय अद्भुतकथांतला भारत होता. पण वाचकांना तो भावला. निर्माते जो माय यांनी तिची पटकथा तयार करण्याचे काम बाईंना आणि फ्रिट्झ लांग या तरुण दिग्दर्शकाला दिले. दिग्दर्शन मात्र माय यांनी स्वतःकडे घेतले. लांग दुखावले, परंतु दोघांची लेखनातील भागीदारी टिकली. १९२२ साली त्यांनी विवाह केला. बाईंचे पूर्वीचे पती, अभिनेते रुडोल्फ क्लाइन-रोगे, पुढेही लांग यांच्या चित्रपटांत खलनायक रंगवीत राहिले, हे या मंडळींच्या व्यवसायनिष्ठेचे द्योतकच मानावे लागेल.

पुढील दहा वर्षांत ‘डॉ. माबूझे’, ‘निबेलुंगेन’, ‘मेट्रोपोलिस’, ‘चंद्रावरील स्त्री’ आणि ‘एम’ अशी एकाहून एक सरस चित्रांची मालिका या जोडीने उभी केली. याच काळात बाईंनी मुर्नाउ आणि ड्रायर या श्रेष्ठ दिग्दर्शकांसाठीही पटकथा लिहिल्या. लांग यांच्या आधाराशिवाय त्यांची लेखणी चालत नव्हती, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही. तरीही लोकांच्या स्मरणात त्या राहिल्या त्या लांग यांच्या सहलेखिका म्हणून. भागीदारीने त्यांना कीर्ती दिली, आणि त्याच भागीदारीने त्या कीर्तीची सीमाही आखून दिली.

‘मेट्रोपोलिस’चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. उफा कंपनीने या चित्रावर ५० लाख मार्कांहून अधिक खर्च केला. जमिनीखाली राबणारे कामगार आणि उंच मनोऱ्यांत राहणारे मालक यांचा संघर्ष त्यात आहे, आणि डोके व हात यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी, असा त्याचा समारोप आहे. १९२७ साली चित्र पडद्यावर आले, तेव्हा हा समारोप अनेक टीकाकारांना भाबडा वाटला. वर्गसंघर्ष एका हस्तांदोलनाने मिटतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पटण्याजोगे नाही. पण पुढे झाले असे, की नगररचनेचे भव्य दर्शन लांग यांच्या नावे जमा झाले आणि समारोपाचा भाबडेपणा बाईंच्या नावे खर्ची पडला. स्वतः लांग यांना हा शेवट आवडत नसे. त्यांनी मूळ कल्पना बाईंची असल्याचे सांगितले. मात्र चित्र आपण केले असल्याने किमान निम्मी जबाबदारी आपलीही आहे, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. टीकाकारांनी तेवढा प्रांजळपणा दाखविला नाही.

१९३३ साली ही भागीदारी संपली. त्याच वर्षी नात्सी सत्तेवर आले, या जोडीच्या नव्या ‘माबूझे’ चित्रावर बंदी आली आणि दोघांचा घटस्फोट झाला. ज्यांची आई जन्माने ज्यू होती, ते लांग देश सोडून गेले. बाई मागे राहिल्या. त्या नात्सी पक्षाच्या सभासद झाल्या आणि त्या राजवटीतील चित्रपटधंद्यात लिहीत राहिल्या. १९३७ चा ‘डेर हेरशर’ हा त्यांनी दुसऱ्या एका लेखकासह लिहिलेला चित्रपट. आपला कारखाना राष्ट्राच्या स्वाधीन करणारा उद्योगपती त्यात गौरविलेला आहे. ‘मेट्रोपोलिस’मधला मध्यस्थ येथे नाहीसा झाला आणि त्याच्या जागी एकट्या पुढाऱ्याची आज्ञा आली.

याच बाईंनी बर्लिनमध्ये बेळगावकडच्या अयी तेंडुलकर या पत्रकाराशी गुप्तपणे विवाह केला होता. वंशशुद्धीचा डांगोरा पिटणाऱ्या राज्यात असा विवाह उघडपणे करणे शक्य नव्हते. तेंडुलकर महायुद्धापूर्वी मायदेशी परतले. बर्लिनमधील भारतीयांना मदत करता यावी म्हणून आपण पक्षात गेलो, असे बाईंनी पुढे सांगितले. त्यांनी भारतीय विद्यार्थ्यांना साहाय्य केले हे खरे. परंतु तेवढ्याने बारा वर्षांच्या चाकरीचा हिशेब चुकता होत नाही.

युद्धानंतर ब्रिटिशांनी त्यांना काही काळ स्थानबद्ध केले. बर्लिनमध्ये विटामातीचे ढिगारे उपसण्याचे कामही त्यांनी केले. १९५४ साली लांग यांच्यासमवेत लिहिलेला जुना मूकपट बर्लिनमध्ये पुन्हा दाखविण्यात आला. त्या प्रसंगी त्या पडल्या आणि १ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९५९ साली, लांग यांनी जर्मनीत परतून ‘भारतीय थडगे’ पडद्यावर आणले. जे काम सुरुवातीला हातातून गेले होते, तेच बाईंच्या पश्चात पुरे झाले.

संयुक्त लेखनात अमुक ओळ कोणाची, हे शोधणे बहुधा व्यर्थ असते. म्हणून यश आणि उणिवा दोन्ही दोघांच्या नावे मांडणे हाच न्याय ठरतो. परंतु १९३३ नंतरची निवड बाईंची एकटीची होती. ती कोणा भागीदाराच्या माथी मारता येत नाही. ‘एम’ आणि ‘मेट्रोपोलिस’चे अर्धे श्रेय त्यांना द्यावयाचे, तर ‘डेर हेरशर’चा दोषही त्यांच्या खाती लिहिला पाहिजे. स्वतंत्र खाते उघडण्याचा अर्थ तोच आहे.