सत्येंद्रनाथ बोस

वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव रांगोळीच्या कलेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कलावंतांच्या चिमटीतून सुटलेल्या एकाच रंगाच्या दोन कणांची अदलाबदल केली, तर चित्रात काही फरक पडेल काय? मुळीच नाही. प्रकाशाचे कणही असेच एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, या विचारावर नवे गणित उभारणारे थोर भारतीय शास्त्रज्ञ म्हणजे सत्येंद्रनाथ बोस होत.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्ता येथे झाला. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीस होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९१५ साली एम. एस्‌सी. च्या परीक्षेत ते पहिले आले. त्यांचे सहाध्यायी मेघनाद साहा दुसरे आले. पुढे १९२१ साली सत्येंद्रनाथ डाक्का विद्यापीठात अध्यापन करू लागले.

तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा नियम माक्स प्लांक या जर्मन शास्त्रज्ञाने १९०० साली शोधला होता. नियम अचूक होता. परंतु त्याची सिद्धता जुन्या व नव्या कल्पनांची सरमिसळ करून दिली जात असे. वर्गात ती शिकवताना सत्येंद्रनाथांचे समाधान होईना. त्यांनी मोजणीची रीतच बदलली. दोन कण दोन घरांत ठेवावयाचे असतील, तर नेहमीच्या हिशेबाने त्याचे चार प्रकार होतात. पण कण ओळखता येत नसतील, तर प्रकार तीनच उरतात. या मोजणीने प्लांक यांचा नियम आपोआप सिद्ध झाला.

जून १९२४ मध्ये त्यांनी आपला निबंध थेट आईनस्टाईन यांच्याकडे बर्लिनला धाडला. जगद्‌विख्यात पंडिताने एका अपरिचित तरुणाच्या निबंधाचे मोल तत्काळ ओळखले, स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले आणि तो प्रसिद्ध करविला.

पाठोपाठ सत्येंद्रनाथांनी दुसरा निबंध पाठविला. त्याचा विषय होता अणू आणि प्रकाश यांचा परस्परसंबंध. अणू प्रकाश शोषतो, आपण होऊन प्रकाश सोडतो आणि जवळून जाणाऱ्या प्रकाशाच्या प्रेरणेनेही प्रकाश सोडतो, असे आईनस्टाईन यांनी पूर्वीच प्रतिपादिले होते. यांपैकी तिसरी क्रिया सत्येंद्रनाथांना मान्य नव्हती. आईनस्टाईन यांनी हाही निबंध भाषांतरित करून छापविला. मात्र आपले प्रतिकूल मत त्याखाली स्पष्टपणे नोंदविले. ज्यांनी कीर्ती दिली, त्यांनीच चूक दाखविली! तरीही सत्येंद्रनाथांची गुरुभक्ती ढळली नाही. १९२५ साली बर्लिनला जाऊन त्यांनी आईनस्टाईन यांची भेट घेतली व जन्मभर त्यांना गुरुस्थानी मानले.

या मतभेदाचा निर्णय काळाने दिला. प्रेरणेने बाहेर पडलेला प्रकाश मूळ प्रकाशाच्याच दिशेने व त्याच्याच तालात चालतो, या तत्त्वावर १९६० साली पहिला लेसर तयार झाला. बारामतीत जन्मलेल्या व पुण्यात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ साली कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर अमेरिकेत निर्माण केला. नवल असे, की एका अवस्थेत जितके प्रकाशकण अधिक, तितकी नव्या कणाची तेथे येण्याची शक्यता अधिक, हे सत्येंद्रनाथांच्याच गणितातून निष्पन्न होते. म्हणजे त्यांनी नाकारलेल्या क्रियेचे मूळ त्यांच्याच पहिल्या निबंधात दडलेले होते!

सत्येंद्रनाथ उत्तम एसराज वाजवीत. विज्ञान मातृभाषेतून शिकविले जावे, यासाठी त्यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापिली. १९५४ साली त्यांना ‘पद्मविभूषण’ हा किताब मिळाला. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मोजणी ज्यांना लागू पडते, त्या कणांना जगभर ‘बोसॉन’ म्हणतात. १९९५ साली अमेरिकेत लेसरच्या साहाय्याने रुबिडियमचे अणू अतिशय थंड करण्यात आले, तेव्हा ते सारे एकाच अवस्थेत गोळा झाले. बोस व आईनस्टाईन यांच्या विचारांतून सूचित झालेली ही अवस्था सत्तर वर्षांनी प्रत्यक्षात दिसली. वर्गात शिकविताना आलेली एक शंका मनापासून जपली, तर ती केवढी फलद्रूप होते, हे सत्येंद्रनाथांच्या चरित्रावरून कळून येते.