झगलुल पाशांचे वकीलपत्र

परक्या सैन्याच्या छावण्या ज्या देशात पडलेल्या असतात, तेथील प्रजेला खरोखर काय हवे असते, हा प्रश्न राज्यकर्त्यांनी नेहमी स्वतःच विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतःच देऊन टाकले. कालव्याला वेळेवर पाणी, बेताचा सारा आणि निःपक्षपाती न्यायाधीश एवढे लाभले की शेतकरी तृप्त असतो. स्वराज्य ही शहरातील चार शिकलेल्यांची हाव होय, हे ते उत्तर. हिंदुस्थानाच्या कानीकपाळी ते पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. इजिप्तमध्ये ते खोटे ठरविण्याचे कार्य ज्या पुरुषाकडे आले, त्याने आपल्या आयुष्याचा मोठा भाग ते खरे मानून घालविला होता. साद झगलुल पाशा 23 ऑगस्ट 1927 रोजी कैरोत निवर्तले. त्या दिवसाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे उचित ठरेल.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील एका खेड्यात, खात्यापित्या शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. अल अझर विद्यापीठात त्यांना महंमद अब्दूंसारखा गुरू लाभला. 1882 साली ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. त्या फौजांत हिंदी पलटणीही होत्या, हे आपण विसरू नये. अराबी पाशांचे बंड मोडल्यावर झालेल्या धरपकडीत तरुण झगलुल काही काळ तुरुंगात गेले. पण बाहेर आल्यावर त्यांनी वाट धरली ती बंडाची नव्हे, वकिलीची. पुढे ते न्यायाधीश झाले, वय वाढल्यावर फ्रेंच शिकून कायद्याची पदवी मिळविती झाले, आणि इंग्रजांचे विश्वासू पंतप्रधान मुस्तफा फहमी पाशा यांचे जावई झाले. 1906 च्या जूनमध्ये दिनशवाई गावी कबुतरांच्या शिकारीवरून इंग्रज अधिकारी व गावकरी यांच्यात चकमक झाली आणि चार गावकऱ्यांना फाशी देण्यात आली. ती शिक्षा फर्मावणाऱ्या न्यायासनावर झगलुलांचे सख्खे बंधू बसले होते. त्याच वर्षी लॉर्ड क्रोमर यांनी झगलुलांना शिक्षणमंत्री केले आणि पुढच्या वर्षी निरोप घेताना त्यांची जाहीर वाखाणणी केली. आपल्याकडील परिभाषेत सांगायचे तर ते पक्के मवाळ होते. त्यांना जुगाराचे व्यसन होते आणि त्याची कबुली त्यांच्याच रोजनिशीत आढळते. चरित्रनायक निष्कलंकच असला पाहिजे असा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनी दुसरा शोधावा.

पालट घडला तो पहिल्या महायुद्धात. 1914 च्या अखेरीस इजिप्त ब्रिटनचे संरक्षित राज्य म्हणून घोषित झाले आणि लष्करी कायदा पुकारला गेला. शेतकऱ्यांचे उंट, गाढवे व धान्य फौजेसाठी उचलले गेले. मजूर-पलटणींत माणसे आधी राजीखुशीने, मग गावच्या पाटलामार्फत दांडगाईने भरली गेली. सुराज्याचा जो एकमेव पुरावा खेड्यात दाखविता येत होता, तो चार वर्षांत खेड्यातच नाहीसा झाला. 13 नोव्हेंबर 1918 रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या तिसऱ्या दिवशी, झगलुल दोन सहकाऱ्यांसह हायकमिशनर विंगेट यांना भेटले व त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. त्यांच्यापुढे शंका ठेवण्यात आली ती ठरीव होती: तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने?

झगलुल हाडाचे वकील. त्यांनी या प्रश्नाचा राग न मानता तो दाखल करून घेतला. देशभर वकीलपत्राचे कागद रवाना झाले आणि आमच्या वतीने या शिष्टमंडळाने बोलावे, अशा मजकुराखाली सह्या गोळा होऊ लागल्या. सरकारने ते कागद जप्त करण्याचे हुकूम सोडले. जी प्रजा समाधानी आहे अशी खात्री असते, तिच्या सह्यांची एवढी धास्ती का वाटावी, याचा खुलासा कोणी केला नाही. अरबीत शिष्टमंडळाला वफ्द म्हणतात. तेच पुढे पक्षाचे नाव झाले. लोकमान्य टिळक त्या सुमारास लंडनमध्येच होते. शांतता परिषदेकडे जाण्याचा त्यांचा मार्गही असाच रोखला गेला होता.

8 मार्च 1919 रोजी झगलुलांना पकडून माल्टाला धाडले. दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थी रस्त्यावर आले. पाठोपाठ वकील, ट्रामवाले, रेल्वे कामगार आणि शेवटी खेडी उठली. रूळ उखडले गेले, तारा तुटल्या. हुदा शारावींसारख्या पडदानशीन स्त्रियांनी मोर्चा काढला. चंद्रकोर व क्रूस एकत्र रेखलेले झेंडे फडकले आणि कॉप्ट धर्मगुरूने अल अझरच्या व्यासपीठावरून भाषण केले. शेकडो माणसे गोळ्यांना बळी पडली. एप्रिलमध्ये झगलुलांची सुटका करणे भाग पडले. वर्षअखेर मिल्नर यांचे चौकशी मंडळ लोकांचे मत अजमावण्यास आले, तेव्हा त्याच्याशी बोलायला कोणी मिळेना. वाटेवरच्या शेतकऱ्याला पिकाची हकीकत विचारली तरी तो झगलुल पाशांकडे बोट दाखवी, अशी आख्यायिका आहे. ती रचलेली असली तरी त्या दिवसांचे चित्र तिच्यात बरोबर उतरले आहे.

मात्र लोकांचे वकीलपत्र आपल्या एकट्याच्याच नावे आहे, अशी त्यांची पुढे समजूत झाली. अदली यकन पाशांसारख्या समंजस सहकाऱ्याशी त्यांनी 1921 साली उभा दावा मांडला, आणि त्या फुटीचा लाभ इंग्रजांना झाला. त्याच डिसेंबरात त्यांना पुन्हा हद्दपार करून आधी एडनला, मग सेशेल्सला आणि शेवटी जिब्राल्टरला नेले. एडनचा मुलकी कारभार तेव्हा मुंबई सरकारकडे होता आणि मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. हे नाव पुन्हा यायचे आहे. पती नजरकैदेत असता सफिया झगलुल यांनी कैरोतील घर चळवळीसाठी खुले ठेवले. लोक त्याला राष्ट्राचे घर म्हणू लागले.

28 फेब्रुवारी 1922 रोजी ब्रिटनने इजिप्तला स्वातंत्र्य बहाल केले आणि दळणवळण, संरक्षण, परकीयांचे व अल्पसंख्याकांचे हितसंबंध आणि सुदान या चार बाबी स्वतःकडे राखल्या. घर दिले, किल्ल्या ठेवल्या. 1924 च्या निवडणुकीत वफ्दला सुमारे नऊदशांश जागा मिळाल्या व झगलुल पंतप्रधान झाले. नोव्हेंबरात इजिप्ती सैन्याचे ब्रिटिश सेनापती सर ली स्टॅक यांचा कैरोत खून झाला. ॲलन्बींनी पाच लक्ष पौंड दंड व सुदानमधून इजिप्ती फौजा काढण्याची मागणी केली. झगलुलांनी दंड भरला, सुदानबाबत नकार दिला. आलेक्झांड्रियाचे जकात नाके ब्रिटिश शिपायांनी ताब्यात घेताच त्यांनी राजीनामा दिला. 1925 साली नवे प्रतिनिधिगृह भरले, त्याने झगलुलांना अध्यक्ष निवडले, आणि त्याच दिवशी ते बरखास्त झाले. 1926 साली मतदारांनी तिसऱ्यांदा तोच कौल दिला. आता हायकमिशनरच्या खुर्चीवर लॉर्ड पदवी मिळविलेले तेच लॉइड होते. त्यांना झगलुल पंतप्रधान म्हणून चालणार नव्हते. झगलुलांनी सभागृहाचे अध्यक्षपद पत्करले आणि पुढच्या वर्षी ते गेले.

त्यांची प्रेतयात्रा निघाली तेव्हा कस्र-अल-नीलच्या बराकींत ब्रिटिश शिपाई होतेच. त्या बराकी 1947 साली रिकाम्या झाल्या आणि सुएझ कालव्याकाठची शेवटची तुकडी 1956 च्या जूनमध्ये निघून गेली. बराकींच्या जागेलगतचा पूल ओलांडला की पलीकडच्या टोकाला मूर्तिकार महमूद मुख्तार यांनी घडविलेला झगलुलांचा पुतळा दिसतो.