विष्णू वासुदेव नारळीकर

विष्णू वासुदेव नारळीकर (२६ सप्टेंबर १९०८, कोल्हापूर – १ एप्रिल १९९१, पुणे) हे मराठी गणितज्ञ व सापेक्षतावादाचे अभ्यासक होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे त्यांचे पुत्र.

मुंबईतील शिक्षणानंतर ते केंब्रिजला गेले व रँग्लर झाले. संशोधनाची वाट तेथे मोकळी असताना, १९३२ मध्ये, पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. सामान्य सापेक्षता हा त्या काळी भौतिकशास्त्राच्या कडेला पडलेला विषय होता. १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे पत्नी व तान्ह्या मुलीसह, साठवलेल्या पैशांवर, नारळीकरांकडे शिकण्यासाठी बनारसला आले. जेमतेम दहा महिन्यांच्या त्या मुक्कामातून प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे समीकरण निघाले. ते आज 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखले जाते.

नारळीकरांचे सर्वाधिक उद्धृत झालेले काम १९४९ मधील आहे. निर्देशांक कसेही बदलले तरी न बदलणाऱ्या राशींवरूनच खरी वक्रता ओळखता येते. चार मितींच्या अवकाशकालात अशा स्वतंत्र अदिश राशी १४ असतात. त्यांचा एक संच नारळीकर व के. आर. करमरकर यांनी मांडला. हाच हिशेब पाच मितींत ४०, तर तीन मितींत अवघा ३ येतो. तीन मितींत, वैश्विक स्थिरांक नसेल तर, रिकाम्या जागेला वक्रताच उरत नाही व गुरुत्वलहरीही संभवत नाहीत. या साधेपणामुळेच १९८८ मध्ये एडवर्ड विटेन यांना त्रिमितीय गुरुत्वाकर्षण गेज सिद्धांताच्या भाषेत संपूर्णपणे मांडता आले. चार मितींत रयोयू उतियामा यांनी १९५६ मध्ये सुरू केलेला तसाच प्रयत्न इतक्या सहज तडीस गेलेला नाही.

नारळीकर–करमरकर संच मात्र सर्व परिस्थितींत पुरेसा नाही. काही विशेष अवकाशकालांत तो अपुरा पडतो, म्हणून १९९१ मध्ये कार्मिनाटी व मॅकलेनघन यांनी १६ राशींचा संच सुचवला. करमरकरांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे दिलेली, गोलीय सममितीचा अवकाशकाल पाच मितींच्या सपाट अवकाशात बसवण्याची अट आजही ताऱ्यांच्या प्रतिमानांत वापरली जाते.

१९६० मध्ये बनारस सोडल्यावर नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. पुढे पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून ते गणिताकडे परतले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, सापेक्षता व गुरुत्वाकर्षणाच्या भारतीय अभ्यासकांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते.