विश्लेषण : बाळाची कार सीट मागे तोंड करून का लावतात? रॉकेटवर बसलेल्या डॉक्टरने दिलेले उत्तर

१० डिसेंबर १९५४. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ४४ वर्षांचे एक डॉक्टर नऊ रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर पट्ट्यांनी घट्ट बांधून घेऊन बसले. पाच सेकंदांत गाडीने ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि पुढच्या दीड सेकंदाच्या आत ती थांबली. थांबताना त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट म्हणजे ४६ ‘जी’ इतका भार आला. डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले आणि दृष्टीही परतली. या डॉक्टरचे नाव जॉन पॉल स्टॅप.

पुढच्या वर्षी ते ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले. त्यांची ओळख आजही सांगितली जाते ती वेगासाठी. प्रत्यक्षात त्यांचा सगळा अभ्यास थांबण्याचा होता. अचानक थांबताना शरीर किती सोसते आणि ते कसे बांधले, कोणत्या दिशेला बसवले तर वाचते? तान्ह्या बाळाला मोटारीत कसे बसवायचे, या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

वाट कशी ठरली?

स्टॅप यांचा जन्म १९१० मध्ये ब्राझीलमधील बाहिया प्रांतात झाला. आईवडील मिशनरी होते. १९२८ च्या नाताळच्या सुट्टीत नातेवाइकांकडे असताना त्यांचे एक तान्हे चुलत भावंड शेकोटीत भाजले. स्टॅप यांनी अडीच दिवस त्याची शुश्रूषा केली, पण बाळ वाचले नाही. डॉक्टर व्हायचे त्यांनी तेव्हाच ठरवले. वैद्यकीय शिक्षणाला पैसे नव्हते. त्यामुळे आधी इतर पदव्या, शिकवण्याची नोकरी, १९४० मध्ये जैवभौतिकशास्त्रात पीएच.डी. असा वळसा घेत १९४४ मध्ये ते एम.डी. झाले आणि लष्कराच्या हवाई विभागात दाखल झाले.

पाठमोरे बसल्याने काय बदलले?

१८ जीपलीकडे माणूस जगत नाही, असे त्या काळी मानले जात असे आणि वैमानिकांची आसनेही त्याच हिशेबाने बनत. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील म्युरॉक तळावर स्टॅप यांनी ६०० मीटरच्या रुळांवर चाचण्या सुरू केल्या. आधी पुतळा बसवला, मग ते स्वतः बसले. माणसाची पहिली फेरी त्यांनी पाठमोरी, म्हणजे गाडीच्या दिशेकडे पाठ करून केली. १९४८ मध्ये ते ३५ जीपर्यंत पोहोचले होते. या काळात त्यांच्या फासळ्या मोडल्या, मनगट मोडले, दातांतील सिमेंट उडाले. (चिंपांझींवरही चाचण्या झाल्या आणि त्यातले काही मेले. ही बाजू सहसा सांगितली जात नाही.)

पुढे तोंड करून बसले की धक्का पट्ट्यांच्या अरुंद जागेवर येतो आणि डोके मोकळे असल्याने पुढे फेकले जाते. पाठमोरे बसले की तोच धक्का पाठ, मान आणि डोके यांच्या मागच्या रुंद पृष्ठभागावर पसरतो. मानेला झटका बसत नाही. वाहतूक विमानांतील आसने मागे तोंड करून बसवावीत, अशी शिफारस स्टॅप यांनी केली. अमेरिकी हवाई दलाच्या काही विमानांत ती अमलातही आली. प्रवासी विमानांनी मात्र ती घेतली नाही.

स्टॅप यांनी बाळाची सीट बनवली नाही. १९३० च्या दशकापासून मिळणाऱ्या सीट मूल एका जागी राहावे, त्याला खिडकीबाहेर दिसावे यासाठी होत्या. अपघाताचा विचार करून पाठमोरी सीट १९६४ मध्ये स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी तयार केली. जेमिनी अंतराळवीरांच्या पाठीला आधार देणाऱ्या आसनांवरून त्यांना ती सुचली होती. तत्त्व तेच, आणि बाळाला त्याची गरज मोठ्यांपेक्षा जास्त. बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या साधारण पाव भाग असते आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात.

आईच्या मांडीवर काय बिघडते?

साधे गणित करू. ताशी ५० किमी वेगाची मोटार धडकून सेकंदाच्या चौदाव्या भागात थांबली, तर सुमारे २० जी इतका भार येतो. १० किलोचे बाळ त्या क्षणी २०० किलोचे होते. ते हातांनी धरून ठेवणे कोणालाही शक्य नाही. एकच पट्टा दोघांभोवती घेतला तर मोठ्या माणसाचेच वजन बाळाला चिरडते. पाठमोरी सीट पुढच्या आसनावर, एअरबॅग सुरू असताना लावणे तितकेच घातक, कारण फुगणारी पिशवी थेट सीटच्या पाठीवर आदळते. पाय दुमडले म्हणून सीट लवकर फिरवण्याची घाईही नको. कंपनीने दिलेली उंची-वजनाची मर्यादा येईपर्यंत बाळ पाठमोरेच बसवावे.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ ब सांगते की १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंड. रस्त्यावर याची अंमलबजावणी किती दिसते, हे वाचकांना ठाऊक आहे.

विमानात नियम सैल का?

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेडचे डीसी-१० कोसळले. विमानात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे त्यांना जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले. त्यातले एक मूल दगावले. अपघात तपास मंडळाने त्यानंतर प्रत्येक बाळाला स्वतंत्र आसन देण्याची शिफारस केली. पण विमान वाहतूक प्रशासनाने ती सक्तीची केली नाही. त्यांचा युक्तिवाद असा की जादा तिकिटामुळे काही कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर धोका जास्त आहे. आकडेवारीला तो पटतो. तिकीट परवडणाऱ्याने मात्र त्याचा आधार घेऊ नये. भारतातही दोन वर्षांखालील बाळ मांडीवर नेता येते. वेगळे तिकीट काढून कार सीट न्यायची असेल, तर ती सीट विमानात चालते का, हे बुकिंगआधीच विमान कंपनीला विचारावे लागते.

हवाई दलाचे लोक विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरतात, हे स्टॅप यांच्या लक्षात आले होते. वरिष्ठांच्या नाराजीची पर्वा न करता १९५५ मध्ये त्यांनी हॉलोमन तळावर मोटारींच्या धडकांची परिषद भरवली. सीटबेल्टसाठी ते अनेक वर्षे झटत राहिले. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. १९९९ मध्ये अलामोगोर्डो येथील घरी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची परिषद आजही भरते.