वालाचे बिरडे आणि कमला सोहोनी

पनवेल, पेण, अलिबागकडच्या घरांत वाल आधी भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि मग बिरडे शिजवतात. त्याच वालात प्रथिनांच्या पचनाला खोडा घालणारे द्रव्य असते. ते स्फटिकरूपात वेगळे करून दाखवले डॉ. कमला सोहोनी यांनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण.

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी झाल्यावर १९३३ साली त्यांनी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर घेतले. रामन मोठे शास्त्रज्ञ खरेच, पण म्हणून हा अन्याय लहान होत नाही. कमलाबाईंचे काम पाहून पुढे इतर मुलींनाही तिथे दार उघडले.

नंतर केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींतही असल्याचे आढळले. १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात असते. आपण श्वासात घेतलेला ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते, त्या साखळीतला तो एक दुवा. वीजघर म्हटले की झीज आलीच. खराब झालेली प्रथिने तोडून टाकायला तिथे खास विकरे (एन्झाइम) असतात. लॉन हे त्यांपैकी एक. बिघाड हाताबाहेर गेला तर मात्र सायटोक्रोम-सी बाहेर झिरपते. मग प्रथिने तोडणारीच दुसरी विकरे, कॅस्पेझ, जागी होतात आणि पेशी स्वतःला संपवते. झिरपलेल्या सायटोक्रोम-सीची ही भूमिका १९९६ साली अमेरिकेत उलगडली.

कमलाबाई १९३९ सालीच मायदेशी परतल्या होत्या. दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा प्रवास झाला. तिथे त्यांनी गरिबांच्या ताटातले अन्न तपासायला घेतले: नीरा, कडधान्ये. आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन हे विकर वाल आणि डबल बीमधल्या द्रव्याने अडते. त्यावरचा शोधनिबंध १९५५ साली ‘नेचर’मध्ये आला. नीट शिजवल्यावर अशा द्रव्यांचा जोर बराच ओसरतो.

पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत अन्नातल्या भेसळीवर लिहीत राहिल्या. १९९८ साली दिल्लीत सत्कारासाठी बोलावले असताना त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.