विस्मृतीचा वेध घेणारा वैद्य

साठी बुद्धी नाठी, असे म्हणून वृद्धांच्या विस्मरणाकडे कानाडोळा करण्याची आपली रीत जुनी आहे. स्मृतिनाश हा मेंदूचा रोग असू शकतो, याचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली शोधणाऱ्या डॉ. आलोइस अल्झायमर यांचे चरित्र म्हणूनच आठवावयास हवे.

बव्हेरियातील मार्क्टब्राइट येथे १४ जून १८६४ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८७ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन पुढल्याच वर्षी ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. नोव्हेंबर १९०१ मध्ये तेथे ऑगुस्टे नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. अल्झायमर यांनी तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. १९०३ मध्ये त्यांनी फ्रँकफुर्ट सोडले, पण या रुग्णेचा विसर पडू दिला नाही. एप्रिल १९०६ मध्ये ती निवर्तल्यावर तिचा मेंदू म्यूनिकला मागवून त्यांनी तपासला. पेशींत गुंतलेले तंतू, पेशींबाहेर साचलेला थर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराची वाढ त्यांना आढळली. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. त्यावर चर्चाही झाली नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या रोगास अल्झायमर यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी ब्रेस्लाउ येथे, वयाच्या ५१ व्या वर्षीच, त्यांचे निधन झाले.

तंतू आणि थर ही रोगाची ओळख ठरली; रक्तवाहिन्यांची नोंद मागे पडली. आज संशोधक तिकडे पुन्हा वळले आहेत. वजनाने शरीराच्या अवघा २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. त्यातून निपजणाऱ्या विध्वंसक रेणूंना आवर घातला गेला नाही, तर पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण पडतो. रक्तातील अपायकारक द्रव्ये मेंदूबाहेर रोखणारा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा बांधही या ताणाने झिरपू लागतो. यांतील कारण कोणते व परिणाम कोणता, याचा निवाडा अजून व्हावयाचा आहे.

रोग समूळ बरा करणारे औषध आजही नाही. तथापि विस्मरणाची काही कारणे उपचारांनी दूर होतात, आणि ती तपासणीवाचून कळत नाहीत. घरातील वडीलधारे तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागले, तर त्यांना हसण्यापूर्वी त्यांचे बोलणे नीट ऐकावे व वेळीच वैद्यांना दाखवावे. अल्झायमर यांच्या शोधाचा आरंभही एका रुग्णेचे बोलणे ऐकण्यातूनच झाला होता.