मास्टर रामचंद्र : गौरव शिक्षकाचा, उपेक्षा पद्धतीची

अध्यापनाच्या पद्धतीविषयी एखाद्या तरुण शिक्षकाने केलेल्या संशोधनाची दखल कोणी आणि केव्हा घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. शिक्षकाचा सत्कार निवृत्तीच्या उंबरठ्यावर व्हावयाचा, असा जणू संकेतच आहे. तथापि गौरव वेळेवर झाला तरी काम पुरे होते असे नाही. दिल्लीचे गणितज्ञ मास्टर रामचंद्र यांचे चरित्र या दोन्ही गोष्टी स्पष्ट करते.

रामचंद्रांचा जन्म १८२१ साली पानिपत येथे झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. १८३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कुटुंबाचा आधार तुटला. शिक्षण थांबवून रामचंद्रांना दोन-तीन वर्षे कारकुनी करावी लागली. १८४१ मध्ये दरमहा ३० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हाच दिल्ली कॉलेजचे दार त्यांना उघडले. १८४४ साली त्याच संस्थेच्या प्राच्य विभागात ते दरमहा ५० रुपयांवर पाश्चात्त्य विज्ञानाचे शिक्षक झाले. तेथे शिकविण्याचे माध्यम उर्दू होते. बीजगणित, त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र यांची पुस्तके त्यांनी उर्दूत आणली, नियतकालिके चालविली.

वर्गात शिकविताना त्यांच्यापुढे एक मूलभूत अडचण उभी राहिली. कलनशास्त्राची युरोपीय मांडणी येथील विद्यार्थ्याला सर्वस्वी परकी होती. उलट भास्कराचार्यांच्या बीजगणिताची परंपरा याच भूमीतील होती. मग ओळखीच्या वाटेनेच अवघड ठिकाणी का जाऊ नये? १०चे दोन भाग असे करावयाचे आहेत, की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त यावा. एरवी हे उदाहरण कलनाने सोडवितात. रामचंद्रांनी त्याचे साधे वर्गसमीकरण मांडले. ते सोडविताना वर्गमुळाच्या चिन्हाखाली २५ वजा तो गुणाकार अशी राशी येते. ही राशी ऋण झाल्यास वास्तव उत्तरच उरत नाही. म्हणून गुणाकार २५हून अधिक होऊ शकत नाही, आणि दोन्ही भाग पाच-पाचच असले पाहिजेत. कलनाची व्यापकता या रीतीला नव्हती, हे खरे. परंतु केवळ वर्गसमीकरण जाणणाऱ्या मुलालाही महत्तम-लघुतमाची कल्पना तिच्यामुळे आपलीशी करता येत होती.

या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८५० साली कलकत्त्यात स्वखर्चाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते तिशीच्या आत होते. कलकत्त्याच्या टीकाकारांनी ग्रंथाची संभावना प्रतिकूल शब्दांत केली. मात्र तेथील शिक्षण मंडळाचे अध्यक्ष बेथून यांनी त्याच्या प्रती लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे धाडल्या. १८४९ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा काढणारे बेथून ते हेच. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली मदुरेचा. धर्मविषयक प्रतिज्ञा घेण्यास नकार देऊन त्यांनी केंब्रिजमधील उत्कर्षावर पाणी सोडले होते. भारतीय विद्यार्थ्याला स्वतःच्या परंपरेतून गणिताकडे नेण्याचे साधन त्यांना या ग्रंथात दिसले. त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे शिफारस केली. खिलत आणि २००० रुपये असे पारितोषिक मंजूर झाले आणि १८५९ मध्ये डी मॉर्गन यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा छापला गेला.

पण मधल्या काळात काय घडले? रामचंद्रांनी १८५२ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यामुळे १८५७च्या उठावात त्यांना जीव वाचवून दिल्लीबाहेर पळावे लागले. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर ते परतले, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांनीच ‘नेटिव’ म्हणून त्यांना मारहाण केली. त्याची लेखी तक्रार त्यांनी केली. लंडनमध्ये ज्याच्या बुद्धीचा सन्मान होऊ घातला होता, त्याला दिल्लीच्या रस्त्यावर साध्या माणुसकीची याचना करावी लागली.

पुढे रुरकी, दिल्लीची जिल्हा शाळा आणि पतियाळा संस्थान येथे त्यांनी सेवा केली. कलनाविषयीची त्यांची दुसरी पुस्तिका १८६३ मध्ये निघाली. पहिलीइतकी तिची दखल कोणी घेतली नाही. १८८० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पद्धतीला वर्गात कायमचे स्थान मिळाले नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठांचे माध्यम इंग्रजी होते आणि नोकरीची वाट त्यांच्या परीक्षांतून जात होती. १८५७ साली बंद पडलेले दिल्ली कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा सुरू झाले खरे, पण १८७७ मध्ये तेही मिटले. त्यांचे शिष्य झकाउल्ला यांनी उर्दूत गणिताची पुस्तके लिहून हा वारसा चालविला, एवढाच दिलासा.

डी मॉर्गन यांनी केलेला गौरव मोलाचा होता, यात शंका नाही. परंतु तो एका ग्रंथकर्त्याचा गौरव ठरला. ती पद्धत भावी शिक्षकांना शिकविण्याची, वर्गात पारखून सुधारण्याची व्यवस्था कोणी उभारली नाही. गणित कोणाला झेपते, याचा निवाडा पुष्कळदा मुलाच्या बुद्धीवरून नव्हे, तर भाषेवरून आणि घरच्या परिस्थितीवरून होत असतो. तो चुकीचा आहे हे दाखविणाऱ्या तरुण शिक्षकाला शाल-श्रीफळ अवश्य द्यावे. पण त्याचे काम अध्यापक विद्यालयाच्या अभ्यासक्रमात गेले, तरच त्या गौरवाचा लाभ मागच्या बाकावरील मुलापर्यंत पोहोचेल.